लोखंडाची साक्ष

हत्याराला पाप लागतं का? हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट ऐकू आला तो खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये, एका खंडेनवमीला. आदल्या दिवशी आम्ही पाने, छिन्न्या, कानशी, जॅक, घण असं सगळं डिझेलनं धुऊन-पुसून ठेवायचो. सकाळी वर्कबेंचवर लाल कापड, त्यावर हत्यारांची रांग, हळदकुंकू, झेंडूची फुलं. बाहेर गाड्यांना माळा आणि आंब्याचे टाळे. त्या वर्षी मुरूडकडच्या एका हेल्परनं घरातला जुना जांबिया फडक्यात गुंडाळून आणला आणि पान्यांशेजारी मांडला. वाकडं पातं, दोन्ही बाजूंना धार, मधोमध उभा उंचवटा, काळ्या शिंगाची मूठ. आमच्या हबसाणातला, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखातला आहे, असं तो अभिमानानं सांगत होता.

फोरमननं तो उचलायला लावला. "पान्यानं नट सुटतो. यानं माणूस संपला असेल. दोघं एका रांगेत नकोत."

हेल्पर गप्प बसणारा नव्हता. "मग साहेब, एखाद्या गाडीखाली माणूस आला तर पुढच्या दसऱ्याला त्या गाडीला हार घालायचं थांबवतं का कुणी?"

कुणालाच उत्तर सुचलं नाही. शेवटी जांबिया बेंचच्या टोकाला वेगळा ठेवला, आणि त्यालाही एक फूल मिळालं. वाद तिथं मिटला. माझ्या डोक्यातून मात्र प्रश्न गेला नाही, आणि निवृत्तीनंतर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जे वाचलं त्यातलं बरंचसं याच एका प्रश्नापायी वाचलं.

सोपं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. हत्यार निर्जीव, ते नुसतं निमित्त. पाप लागायचं ते चालवणाऱ्याला. हे चूक नाही, पण माझ्या धंद्यानं मला त्यापुढचं थोडं दाखवलं आहे. अपघातानंतर तुटलेला एक्सल हातात आला की जुना मेकॅनिक आधी तुटलेलं तोंड बघतो. एका झटक्यात तुटलेलं लोखंड आतून चकचकीत, दाणेदार दिसतं. जुनी चीर असेल तर तेवढा भाग गुळगुळीत, काळपट, कडेनं गंज धरलेला, आणि त्यात एकाबाहेर एक अशा बारीक वळ्या उमटलेल्या. चीर आजची नाही, ती हळूहळू वाढत होती आणि कुणी वेळेवर बघितली नाही, हे त्या वळ्यांवरून कळतं. ड्रायव्हर खोटं बोलेल, मालक बोलेल, मेकॅनिकही बोलेल. तुटलेलं लोखंड खोटं बोलत नाही. त्याला पाप लागत नाही हे मला मान्य आहे. पण जे घडलं ते त्याच्या अंगावर उमटून राहतं. म्हणून मी हत्याराकडे निमित्त म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त बघायला लागलो.

या विचाराला बळ मिळालं ते आफ्रिकेतून. माझा भाचा काही वर्षं नायजेरियात, लागोसला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. एकदा फोनवर म्हणाला, "मामा, इथंही खंडेनवमी असते." कारखान्याजवळच्या गॅरेजवाल्यांनी इंजिनाचे जुने भाग, साखळ्या, कोयते असं लोखंड एका जागी रचलं होतं, त्यावर ताडाची कोवळी चिरलेली पानं टाकली होती आणि पामतेल ओतलं होतं. योरुबा लोकांचा ओगुन हा लोखंडाचा देव. लोहार, शिकारी, सैनिक हे त्याचे जुने भक्त. आता ट्रकड्रायव्हर, टॅक्सीवाले आणि मेकॅनिकही त्यात आले. त्याला कुत्र्याचा बळी लागतो, हे ऐकून माझी बहीण फोन ठेवून आत गेली. पण मला खरा धक्का बसला तो पुढचं वाचून. नायजेरियाच्या कोर्टात ख्रिश्चन साक्षीदार बायबलवर, मुसलमान कुराणावर शपथ घेतो. जुना धर्म पाळणारा योरुबा माणूस लोखंडाच्या तुकड्यावर हात ठेवून ओगुनची शपथ घेतो. खोटं बोललास तर हेच लोखंड तुला गाठेल, असा त्याचा अर्थ. कधी कोयता होऊन, कधी रस्त्यावरची गाडी होऊन.

आपल्याकडेही मराठेशाहीत रवादिव्य होतं. उकळत्या तेलातुपात टाकलेला धातूचा तुकडा संशयितानं हातानं काढायचा आणि मग हाताची तपासणी व्हायची. ती रीत क्रूर होती आणि गेली ते बरंच झालं. पण धातू साक्ष देतो ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती.

ओगुनची एक कथा मला कुठल्याही पुराणकथेइतकी मोठी वाटते. लढाईवरून दमून, तहानलेला ओगुन इरे नावाच्या त्याच्याच गावात येतो. गावात त्या दिवशी असं व्रत चाललेलं असतं की कुणी बोलायचं नाही. त्याला कुणी या म्हणत नाही. ताडीची मडकी समोर, पण रिकामी. आपला अपमान झाला असं समजून तो तलवार उपसतो आणि आपल्याच माणसांची कत्तल करतो. मग व्रताचं कळतं. ओगुन तलवारीचं टोक जमिनीत रोवतो आणि स्वतः त्या जमिनीत गडप होतो. योरुबांनी या देवाला टाकलं नाही आणि त्याची ही गोष्ट लपवलीही नाही. ज्याच्या हातून असं झालं त्यालाच ते लोखंडाच्या शपथेचा धनी मानतात.

कोकणातल्या माणसाला ही कथा परकी वाटायचं कारण नाही. आपला देव परशुराम. हातात परशू, बापाच्या शब्दाखातर आईवर चालवलेला. मग एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केलेली. आणि त्यानंतर? जिंकलेली सगळी भूमी तो कश्यपाला देऊन टाकतो. जी जमीन रक्तानं मिळवली तिच्यावर राहायचा हक्क त्याला उरत नाही, म्हणून तो समुद्राला मागे हटायला लावतो आणि ज्या पट्टीवर रक्त सांडलेलं नाही त्या पट्टीवर येतो. ती पट्टी म्हणजे आपलं कोकण. आपण ही गोष्ट समुद्र हटवण्याच्या पराक्रमापाशी संपवतो. दान का करावं लागलं, हे पोरांना सांगत नाही.

लोखंड कसं घडतं ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. ठाण्यात रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबं उतरायची. ट्रकच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा भंगारात मिळतो. त्याचा कोयता उत्तम होतो, कारण पाट्याचं पोलाद चिवट असतं. भाता पोर ओढतो, नवरा सांडशीत पाटा धरून ऐरणीवर फिरवतो आणि घण बायको मारते. तिचा एकही घाव वाया जात नाही. पातं उतरलं की धारेची बाजू लाल करून पाण्यात बुडवायची, मग हळूहळू परत ऊब द्यायची आणि पात्यावर सरकणारा रंग बघत राहायचं. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. रंग कुठं थांबवायचा हेच सगळं कसब. लवकर थांबलात तर धार टिचते, उशीर केलात तर वाकते. सुदानमध्ये, सहारात, इथिओपियाच्या अफार मुलखात आजही लोहार ट्रकचा तोच पाटा घेतात आणि त्याचा खंजीर करतात. घाव तसेच, रंगही तेच. आणि दोन्हीकडे लोहाराला मान कमी, दरारा जास्त. इथिओपियात लोहाराची दृष्ट लागते म्हणून लोक त्याला टाळत आले. तुआरेग लोक तर लोखंडाला उघडा हात लावणं अशुभ मानत. त्यांच्या खंजिराच्या मुठीवर पितळ आणि कातडं असतं. ज्यांना लोखंडाची भीती वाटते त्यांना लोखंड नीट कळलेलं असतं, असं माझं मत आहे.

आता युद्धाकडे येतो. आफ्रिकेत खंजीर हे सहसा पहिलं हत्यार नसे. आधी भाले फेकायचे, ढाल पुढं करून अंतर कमी करायचं, आणि अगदी अंगाला अंग भिडलं की खंजीर. म्हणून तो असा बांधलेला असतो की बघावंही लागू नये. सुदानमधला माणूस तो डाव्या दंडावर, कोपराच्या वर बांधतो. तुआरेगाचा तेलेक डाव्या मनगटाजवळ असतो, मूठ पंजाकडे, म्हणजे उजवा हात आडवा नेला की पातं बाहेर. अफार माणूस रुंद, वाकडा, दुधारी गिले कंबरेला आडवा खोवतो. इथिओपियाची शोतेल तर खंजिराहून लांब, विळ्यासारखी वळलेली. समोरच्याची ढाल चुकवून तिच्या मागे पोचण्यासाठी तो वाक दिलेला. ही सगळी जवळून मारायची हत्यारं. ज्याला मारायचं त्याचा श्वास अंगावर येतो. आपण काय केलं हे मारणाऱ्याला आयुष्यभर माहीत असतं.

२ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुरमानला महदी या धर्मनेत्याचे अनुयायी असे खंजीर दंडाला बांधूनच मैदानात आले. समोर इंग्रजांच्या मॅक्सिम मशीनगन आणि नाइल नदीत तोफा बसवलेल्या बोटी. दुपारपर्यंत दहा हजारांच्या आसपास सुदानी माणसं मेली. इंग्रज-इजिप्तच्या बाजूनं पन्नासच्या जवळपास. बहुतेकांचे खंजीर म्यानातच राहिले. रानटी मात्र खंजीरवाल्यांना म्हटलं गेलं. हे वाचताना मला अजूनही राग येतो. शेकडो पावलांवरून कळ दाबणाऱ्याला मरणाऱ्याचा चेहराही दिसत नाही, आणि ज्याला चेहरा दिसत नाही त्यालाच "मी फक्त निमित्त" हे म्हणणं सर्वांत सोपं जातं.

इथंच त्या सोप्या उत्तराची खरी अडचण आहे. निमित्त म्हटलं की आपल्याला गीता आठवते. पण निमित्तमात्र हो, हे भगवंतांनी कुणाला सांगितलं? ज्यानं गांडीव खाली ठेवलं होतं त्याला. अर्जुन रथात बसून राहिला, लढणार नाही म्हणाला, प्रश्नावर प्रश्न विचारले, आणि भगवंतांनी शेवटच्या अध्यायातही त्याला विचार करून वाटेल ते कर, अशी मोकळीक दिली. धनुष्य खाली ठेवता येतं त्यालाच निमित्त होण्याचा अधिकार आहे. लोखंडाला स्वतःला खाली ठेवता येत नाही. आणि इतिहासात अशी माणसंही होऊन गेली, ज्यांना विकत घेऊन लोखंडासारखं वापरलं गेलं.

आपल्या दख्खनेत ती हजारोंनी आली. इथिओपियाच्या डोंगरातून पकडलेली मुलं तांबड्या समुद्राच्या बंदरांवर विकली जायची, अरबस्तानातून पुढं आपल्या किनाऱ्याला लागायची. दख्खनच्या सुलतानांना विश्वासू फौज हवी होती. ज्याला इथं गाव नाही, गोत नाही, त्याच्याइतका विश्वासू कोण? आज आपण हबशी म्हणजे शूर, एवढंच ऐकतो. त्या शौर्याची किंमत बाजारात ठरलेली होती, हे ऐकत नाही.

१५४८च्या सुमारास जन्मलेलं असंच एक पोर, नाव चापू. दोन-तीन मालकांच्या हातातून गेलं. बगदादच्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर नाव दिलं. शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम. धनी मेल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढं मलिक अंबर म्हणून त्यानं पाव शतक मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. जमिनीची मोजणी करून सारा ठरवला, १६१० साली खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद झालं. डोंगरातून नळांनी पाणी आणलं. १६२४ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. शिवरायांच्या चरित्रासाठी रचलेल्या परमानंदाच्या 'शिवभारता'तही त्याचं कौतुक आहे.

मी त्याच्याकडे या प्रश्नाच्या अंगानं बघतो. गुलाम असताना चापूच्या हातून कुणाला जखम झाली असेल तर तिचं पाप मी त्याच्यावर घालणार नाही. त्याला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. ते पाप ज्यानं पैसे मोजले त्याचं. पण मोकळा झाल्यावर धनुष्य त्याच्या स्वतःच्या हातात आलं. तेव्हा त्यानं काय केलं? स्वतःसाठी हबशी मुलं विकत घेतली आणि त्यांची फौज उभी केली. ज्या मुर्तजाला त्यानं गादीवर बसवलं आणि आपली मुलगी दिली, त्या निजामशाहाच्या घरात मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं गेलं, तेव्हा १६१०मध्ये त्यानं जावयाला विष घालून मारवलं, असं त्या काळच्या लिखाणात आहे. बाजारात विकलं जाण्याचं दुःख या माणसाइतकं कुणाला कळलं असेल? तरी तो बाजार त्यानं चालू ठेवला. मला मलिक अंबर फार मोठा वाटतो, आणि म्हणूनच हा हिशेब त्याच्याकडे मागावासा वाटतो. लहान माणसाकडे कोण मागतो?

कोकणात हाच हिशेब आणखी अवघड होतो. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी, म्हणजे तिथल्या हबशी सरदारांनी, किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं धरून नेली. शिवरायांची बखर लिहिणाऱ्या सभासदानं त्यांना घरातल्या उंदराची उपमा दिली. १७२७ साली सिद्दी सातनं चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ उद्ध्वस्त केलं, तिथले ब्रह्मेंद्रस्वामी घाटावर धावडशीला गेले. १७३६च्या एप्रिलमध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारलं. आणि त्याच हबशी वंशाचं सिद्दी इब्राहिम हे नाव अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांसोबत गेलेल्या दहा जणांच्या यादीत येतं. दोन्ही बाजूंना तोच माणूस, तेच पोलाद. रंगावरून, धर्मावरून, हत्याराच्या वाकावरून यातलं काही ठरवता येत नाही. कुणाला प्रश्न विचारता येत होता आणि त्यानं विचारला का, एवढ्यावरच ठरवावं लागतं.

मग पूजा कशाची करायची? काँगोतल्या कुबा लोकांमध्ये सतराव्या शतकातल्या श्याम नावाच्या राजाची आठवण सांगतात. त्यानं शोंगो हे फेकून मारायचं भयंकर पातं वापरायला बंदी केली आणि पुरुषांनी कंबरेला लाकडी पात्याचा इकुल लावावा असं ठरवलं. खंजिराचा आकार राहिला, मान राहिला, मारण्याची सोय काढून घेतली. आपल्या जेजुरीला खंडोबाचा खंडा आहे, सुमारे ४२ किलोचा. दसऱ्याला तो एका हातानं तोलून धरायची स्पर्धा लागते. कुणी तो दातात धरून उचलतात. एवढ्या वजनाची तलवार रणांगणात कुणी फिरवू शकत नाही. देवाजवळचं हत्यार माणसाची ताकद आणि धीर जोखतं, कुणाला कापत नाही. महाभारतात पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर बांधली, तेव्हा कुणी जवळ येऊ नये म्हणून त्याच झाडाला एक प्रेतही बांधलं. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, शमीला हात जोडतो. ते प्रेत मात्र गोष्टीतून गळून गेलं आहे. शस्त्रपूजनाच्या दिवशी रस्त्यावर तलवारी नाचवणाऱ्या पोरांना कुणीतरी ते सांगायला हवं होतं.

म्हणून त्या हेल्परला आज माझं उत्तर असं आहे: गाडीला हार घालायचा, जांबियालाही फूल वाहायचं, आणि दोघांनी काय केलं हे त्याच वेळी मोठ्यानं सांगायचं. फोरमनचं चुकलं असं मला वाटत नाही, कारण जांबिया वेगळा ठेवण्यात त्याची आठवण राहिली. पण तो फडक्यात परत बांधून टाकला असता तर चुकलं असतं.

खोपटहून कोकणची गाडी पकडून मुरूडला जाल तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावर होडीची वाट बघण्याआधी जवळच्या खोकरीला जा. बहुतेक प्रवासी जात नाहीत. तिथं सिद्दी सिरुलखान, याकूतखान आणि खैर्यतखान यांचे दगडी घुमट आहेत. सिरुलखानाचा सर्वांत मोठा. हे तिघं सरदार होते, म्हणून त्यांची नावं राहिली. त्यांच्यासाठी विकत आणलेल्या आणि या किनाऱ्यावर मेलेल्या शिपायांची कबर तिथं कुणी दाखवणार नाही. त्यांच्यासाठीही तिथं थोडं थांबा.